धुण्याच्या दगडाजवळचा चुका

९ जानेवारी

आई, नमस्कार.

रविवारी फोनवर मी विचारलं, "गुडघा कसा आहे?" आणि तुम्ही म्हणालात, "हो हो, दोनदा जेवले." म्हणून पुन्हा कागद काढला. कानातलं यंत्र तुम्ही डबीतून बाहेर काढत नाही, तेव्हा तुमच्याशी बोलायचं तर पत्राला पर्याय नाही.

एक काम आहे. आमच्या प्रयोगशाळेत माणसं जो पाला खातात, त्यात जंतू मारायचा गुण आहे का ते तपासायचं ठरलंय. मॅडमनी प्रत्येकाला एकेक पाला निवडायला सांगितलं. कुणी पुदिना घेतला, कुणी शेवगा. मी आंबट चुका सांगितला. मॅडम म्हणाल्या, घ्या की बाजारातून. मी म्हटलं, मला आमच्या घरचाच हवा. आपल्या धुण्याच्या दगडाजवळचा, तुमच्या धाकट्याने लावलेला. मीठ न लावताच चरायचा तो, आणि तुम्ही आतून ओरडायचात, "अरे, शेळी आहेस की माणूस?"

तपासायचं कसं, ते सांगते. काचेच्या झाकणाच्या बशीत जेलीसारखा थर ओततात. त्यावर जंतू पसरायचे आणि पाल्याच्या अर्कात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरते. अर्कात दम असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल राहतो, नसेल तर साय थेट चकतीला येऊन भिडते.

जंतू कुठला, हे तुम्हाला लिहू की नको असं चाललं होतं. त्याच्या पायाच्या जखमेत शिरला होता त्याच जातीचा. औषधामागून औषध बदललं आणि एकाला दाद दिली नाही त्याने. रोज सकाळी मी त्या बशा कपाटातून काढते आणि जंतूचं नाव लिहिलेली बाजू भिंतीकडे वळवून ठेवते. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, अजून सवय होत नाही. तुमच्या चुक्याने त्या सायीला एक भोक जरी पाडलं ना आई, तरी मला पुष्कळ आहे.

पाला ताजा हवा, वाळवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवा. मे महिन्यात रजा मिळेल. मधल्या खोलीत खिडकीखाली गादी टाकून ठेवा, मी चार दिवस नुसती लोळणार आहे. इथे इतकी माणसं आहेत, पण त्या खोलीसारखी झोप कुठे लागत नाही.

तुमची,
सून

---

२० जानेवारी

चि. सुनेस अनेक आशीर्वाद.

दोनदा जेवले हे काही खोटं नव्हतं. गुडघा आहे तिथेच आहे, वर सरकला नाही, खाली आला नाही.

पाला पाठवते आहे. काल संध्याकाळी खुडला. माणूस सकाळी न्यायला येणार, तोवर माना टाकेल म्हणून धुऊन रात्रभर पाण्यात ठेवला. बघ कसा टवटवीत आहे. तुझ्या मॅडमना सांग, बाजारात असा मिळाला तर मला कळवा. मुंग्या मी झटकल्या आहेत, तरी एखादी निघाली तर तिला तिथे नोकरी लावून टाक.

जंतूचं लिहिलंस ते बरं केलंस. मी ते दोनदा वाचलं आणि मग देवासमोर न बसता चुक्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, बाबा रे, तुला ज्याने लावलं त्याच्या वैऱ्याशी गाठ आहे, नीट वाग. म्हातारी झाडाशी बोलते म्हणून हसशील. हस.

इकडे जरा आवराआवर काढली आहे, त्यामुळे घर मोकळं मोकळं वाटतं. मेचं म्हणतेस, तर बघू. उन्हाळा फार असतो त्या खोलीत. आणि हो, पत्र आता थोरल्याच्या पत्त्यावर टाकत जा. आपल्याकडचा पोस्टमन बदललाय, नवा माणूस एकाचं दुसऱ्याकडे टाकतो. थोरला रविवारी आणून देतो मला.

जेवण वेळेवर करत जा. तुझ्या अक्षरावरून मला कळतं तू उपाशी लिहितेस.

आई

---

४ फेब्रुवारी

आई! आई! आई!

गोल आला. चांगला अंगठ्याएवढा. बशीभर दाट साय आणि मधोमध चुक्याच्या चकतीभोवती स्वच्छ, आरपार. मी बशी उजेडाकडे धरली आणि पलीकडची खिडकी दिसली मला त्यातून.

आधी वाटलं, नुसत्या आंबटपणाने मेले असतील. म्हणून अर्कातला आंबटपणा मारून पुन्हा केलं. तरी गोल तेवढाच. शेजारच्या पुदिन्याला काही नाही, शेवग्याला नावापुरतं.

तुम्ही म्हणाल, आनंदाच्या भरात वाटलं असेल हिला. नाही. आमच्याकडे ज्याने बशी लावली त्याने गोल मोजायचा नसतो. आशा असली की मोजपट्टी ओढली जाते, असं मॅडम म्हणतात. म्हणून मोजणारे गृहस्थ वेगळे आहेत. बशीखाली नुसता खुणेचा आकडा असतो, कुठला पाला कुणाचा हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांनी सगळ्या बशा मोजल्या, आकडे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "हा कुणाचा आहे मला माहीत नाही, पण ज्याचा आहे त्याने आज पेढे वाटायला हरकत नाही." मी तिथेच रडले. मोजणारे बिचारे घाबरले. त्यांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं मोजलं.

मग मी त्यांना चुक्याचं सगळं सांगितलं. दगड, शेळी, सगळं. मोजणारे ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत.

आता हेच पुन्हा पुन्हा करून दाखवायचं. एकदा आलेल्या गोलाला इथे कुणी विचारत नाही. तेव्हा ताजा पाला लगेच पाठवा, त्याच झाडाचा, अगदी तसाच. जमलं तर मॅडम पुढचं वर्षभर मला हेच काम देणार आहेत. वर्षभर मी आपल्या परसातल्या पाल्याबरोबर राहीन. त्या दगडावर उन्हात पाय सोडून बसावंसं इतकं वाटतंय की काय सांगू.

तुमची,
सून

---

१९ फेब्रुवारी

चि. सुनेस आशीर्वाद.

तुझं पत्र मी थोरल्याच्या बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सासूबाई, शेजारच्यांना पण ऐकू गेलं." जाऊ दे गेलं तर. मी दिवसभर हवेत होते. गुडघ्याला आपण गुडघा आहोत याचा विसर पडला.

पाला पाठवते आहे. खोक्यावर थोरल्याचा पत्ता दिसेल. चार दिवस इकडे आले आहे. झाड तेच आहे, काळजी नको. माझ्या डोळ्यांसमोर खुडलाय, धुतलाय, रात्रभर पाण्यात ठेवलाय. मागच्यासारखाच.

आता एक विचारते. पत्र चुक्याचं, पण त्यात 'मोजणारे' किती वेळा आले ते तू मोजलंस का? मी मोजणार होते, पण आशा असली की मोजपट्टी ओढली जाते म्हणतात. ते काय वयाचे आहेत? घरी कोण असतं? नुसतं विचारते आहे. मधे न बोलणारा पुरुष मी आयुष्यात पाहिलेला नाही, म्हणून कुतूहल.

धाकट्याचं सांगितलंस त्यांना, ते चांगलं केलंस. त्याच्याबद्दल बोलायला तुला तिथे कुणी नसेल याचं मला फार वाटायचं. इथे मी तरी चुक्याशी बोलते.

आई

---

८ मार्च

आई, नमस्कार.

गोल आला नाही.

तीनदा केलं. नव्या पाल्याच्या चकतीला साय अगदी चिकटून बसली आहे, जणू तिथे चकती नाहीच. जुना अर्क उरला होता थोडा, तो त्याच बशीत ठेवला तर त्याच्याभोवती पुन्हा गोल. म्हणजे बशी बरोबर, जंतू बरोबर, माझा हात बरोबर. पाल्यातच काहीतरी बदललं.

रागावू नका, पण विचारावं लागतंय. झाड नक्की तेच ना? ऊन तेवढंच मिळतं? खत घातलं का कुणी? पाला जून होता का? मधे पत्र्याच्या सावलीत गेलं का झाड? मी इथे बसून डोळ्यांसमोर ते परस आणते, धुण्याचा दगड, नळ, भिंतीचा तो फुटका कोपरा, आणि शोधते की काय बदललं असेल.

मॅडमच्या चेहऱ्यावर होतं की पहिल्या वेळेस हिने घाण केली असणार. एप्रिलच्या शेवटापर्यंत वेळ दिलाय. नाहीतर चुका बंद, आणि मला दुसऱ्या कुणाच्या कामात हाताखाली जायचं.

मोजणाऱ्यांबद्दल विचारलंत. विशेष काही नाही. चाळिशीचे आहेत. घरी वडील असतात, ते शिंपी होते. बाकी कामापुरतं बोलणं. तुम्ही उगाच काहीतरी मनात आणू नका, मी पुन्हा त्यांच्याबद्दल लिहिणारसुद्धा नाही.

आई, मला खरंच वाटलं होतं की त्याने लावलेला पाला त्याला मारणाऱ्याला मारेल. मोठ्या बाईने असं वाटून घेऊ नये, पण वाटलं. आता पुन्हा पाठवाल ना?

सून

---

१८ मार्च

चि. सुनेस,

झाड तेच आहे. मी काय बाजारातून जुडी आणून तुझ्या माथी मारीन? त्याची मुळं मी माझ्या हातांनी हाताळली आहेत. एक पान दुसऱ्या झाडाचं निघालं तर नाव बदलीन.

खत नाही. ऊन आहे. पुन्हा पाठवते आहे, कोवळाही आहे आणि जूनही, वेगळा वेगळा बांधला आहे. घर ठीक आहे. सगळं ठीक आहे. फार प्रश्न विचारू नयेत माणसाला.

तू मन खाऊन घेऊ नकोस. जेव.

आई

ता. क. शिंप्याचा मुलगा मोजायला पक्का असणारच. आणि पुन्हा लिहिणार नाही म्हणतेस, पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

---

६ एप्रिल

आई, नमस्कार.

आधी माफी मागते. मागच्या पत्रात मी उलटतपासणी घेतल्यासारखं लिहिलं. तुमचं उत्तर वाचलं आणि कळलं की तुम्हाला लागलं. तुमच्या पत्रात कधी 'आशीर्वाद' गळत नाहीत, या वेळी गळले होते.

तिसऱ्या पाल्यालाही गोल नाही. पण कारण सापडलं.

मोजणारे एकदा जुन्या अर्काची बाटली हातात घेऊन बसले होते. म्हणाले, "याचा रंग बघा. नव्या दोन्ही बाटल्या पिवळट हिरव्या आहेत आणि ही निळसर मारते." मला रोज दिसत होती ती बाटली, पण मी तिला दिव्यासारखी जपत होते, बघत नव्हते. शेजारच्या विभागात धातू तपासतात, तिथे दिली. उत्तर आलं, अर्कात तांबं आहे. भरपूर. जंतू चुक्याने मेले नव्हते, तांब्याने मेले. मग मी नव्या अर्कात तेवढं तांबं घालून पाहिलं. गोल आला, तस्साच, अंगठ्याएवढा.

पाला रात्रभर तांब्याच्या भांड्यात राहिला असेल तर आंबटपणाने तांबं सुटणारच. आपल्या घरी तांब्याचं म्हणजे ते एकच मोठं घंगाळ, ज्यात तुम्ही त्याला लहानपणी अंघोळ घालायचात. पण आई, माझं डोकं चालत नाही, कारण तुम्ही असं करणं शक्यच नाही! लग्न होऊन मी आले त्या पहिल्या आठवड्यात चिंचेचं पाणी तांब्याच्या तांब्यात ठेवलं, तर तुम्ही केवढ्याने ओरडला होतात. "कळकेल ना ते! शिकली सवरली आणि एवढं कळत नाही!" मी कोपऱ्यात जाऊन रडले आणि तो बाहेर जाऊन हसत बसला. ज्या बाईने मला ते शिकवलं, ती आंबट पाला घंगाळात रात्रभर ठेवेल? घरात एवढी पातेली असताना?

म्हणून विचारते. रागावून नाही, फक्त मला समजावं म्हणून. पाला तुम्हीच भिजवला होता ना? का तुमची तब्येत बरी नव्हती आणि दुसऱ्या कुणी केलं? तुम्ही काही लपवता आहात का? मला तुमची काळजी वाटायला लागली आहे. काय असेल ते लिहा.

चुका बंद झाला. मॅडमनी स्वतः पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, चूक शोधून काढलीस हे पण काम आहे. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. तो पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं.

तुमची,
सून

---

१६ एप्रिल

चि. सुनेस अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यातच धर.

पाला मीच भिजवला. घंगाळातच भिजवला. आणि आंबट तांब्यात ठेवू नये हे मला अजून समजतं, म्हातारचळ लागलेला नाही.

दुसरं भांडं नव्हतं घरात. पातेली, डबे, बादल्या सगळं खोक्यांत बांधून झालं होतं. खोकी दाराशी रचली होती. उघडं काय उरलं, तर घंगाळ, कारण ते कुठल्या खोक्यात मावेना आणि थोरल्याची बायको म्हणत होती, एवढं धूड कुठे ठेवू? मी म्हटलं, पाला काही खायचा नाहीये, तपासायचा आहे. एका रात्रीने काय बिघडतंय. बिघडलं ते असं. पुढचे दोन्ही वेळचे पाले थोरल्याकडच्या स्टीलच्या पातेल्यात भिजवले.

घर सोडलं, पोरी. जानेवारीतच. मालकाला पाडून नवं बांधायचं होतं. दिवाणखान्यातलं कपाट काढलं त्या दिवशी तुझं पत्र आलं. मधल्या खोलीत उभी राहून वाचलं मी. खोली रिकामी, भिंतीवर तुमच्या पलंगाची खूण, आणि पत्रात लिहिलंय, खिडकीखाली गादी टाकून ठेवा. काय उत्तर देऊ मी? लिहायला बसले तेव्हा 'घर मोकळं वाटतं' एवढंच खरं लिहिता आलं. पोस्टमन बिचारा चांगला होता, त्याच्यावर उगाच आळ घेतला.

चुका मुळासकट खणून घेतला मी. कुदळ बांधली गेली होती, म्हणून उलथण्याने खणला. आता थोरल्याच्या गॅलरीत बादलीत आहे. झाड तेच म्हणत होते ते खोटं नव्हतं. बाकीचं होतं.

का लपवलं, ते सांगते. थोरल्यालाही शपथ घातली होती. तू येणार होतीस ती त्या खोलीत झोपायला, त्या दगडावर बसायला. ते काहीच उरलं नाही असं कळल्यावर तू कशासाठी येशील? मी आहे, पण मी काय, ऐकू न येणारी बाई, दुसऱ्याच्या घरात एका कोपऱ्यात. तुझं माझं नातं ज्याच्यामुळे होतं तो नाही. घर होतं, त्याच्या आधाराने तू येत होतीस. म्हटलं, पाला तरी पाठवत राहू, पत्रं येत राहतील. दर रविवारी थोरला विचारतो, आई, दाराकडे काय बघतेस? आज टपाल नसतं. मला ठाऊक आहे नसतं. तरी बघते.

तुझं काम माझ्या पायी बुडालं, याचं मला किती वाईट वाटतंय ते कागदावर येणार नाही. पण एक मनात येतं, लिहू का? धाकटा सहा महिन्यांचा असल्यापासून त्या घंगाळात डुंबला. चार वर्षांचा झाला, मावेना, तरी पाय बाहेर काढून बसायचा. त्याच घंगाळाने त्या जंतूला मारलं म्हणतेस. चुक्याने नाही मारलं, नको मारू दे. माझ्या घरातलं काहीतरी त्याच्या बाजूने उभं राहिलं एवढं मला पुरे आहे.

माझं झाकलेलं सगळं मी उघडलं. आता तुझी पाळी. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. निळसर रंग कुणी पाहिला? बाटली हातात घेऊन कोण बसलं होतं? पुन्हा लिहिणार नव्हतीस ना?

आई

---

२७ एप्रिल

आई,

तुमचं पत्र जिन्यात उभं राहून वाचलं आणि पायरीवर बसून पुन्हा वाचलं. आधी राग आला. फार आला. त्या खोलीचा मला एकदा निरोपही घेता आला नाही. दगड तिथेच राहिला का? भिंतीचा फुटका कोपरा? त्याने लहानपणी कोळशाने स्वतःची उंची लिहिली होती दाराच्या चौकटीवर, ती? सगळ्यावर कुदळ पडली असेल आणि मी इथे बसून त्याच परसातलं ऊन मोजत होते.

मग तुम्ही रिकाम्या खोलीत उभ्या राहून माझं पत्र वाचताय असं डोळ्यांसमोर आलं. मग राग टिकला नाही.

तुम्ही लिहिलंत, घर नाही म्हटल्यावर मी कशासाठी येईन. आई, मी तिथे तुमच्यासाठी येत होते. खोलीत झोप लागायची, कारण पलीकडे तुम्ही भांडी वाजवायचात.

आता माझं. हो. मोजणाऱ्यांनी मला विचारलंय, लग्न करशील का म्हणून. डिसेंबरातच विचारलं. अजून उत्तर दिलेलं नाही. ते पण पुन्हा विचारत नाहीत, फक्त दुपारी माझा डबा उघडलाय की नाही ते बघून जातात. त्याच्याबद्दल मी बोलते तेव्हा त्यांचा चेहरा पडत नाही. उलट परवा विचारलं, "तो चुका धुवून खायचा की तसाच?" मी हसले. तीन वर्षांत त्याच्या आठवणीने मी पहिल्यांदा हसले.

मला ते आवडतात. हे मी पहिल्यांदा तुम्हालाच सांगते आहे, आणि तुम्हाला सांगायचीच सगळ्यात जास्त भीती होती. हो म्हटलं, की मी तुमची सून राहत नाही. मग तुम्हाला पत्र कुठल्या नात्याने लिहू? वर काय लिहू? खाली काय सही करू? माझी स्वतःची आई मला आठवत नाही. 'आई' म्हणायला मला तुम्ही मिळालात, तेही त्याच्यामुळे. एका 'हो'मध्ये तो शब्द जातो, या भीतीने मी पाच महिने त्या माणसाला ताटकळत ठेवलंय.

तुम्ही नको म्हणालात तर मी नाही म्हणेन. खरंच म्हणेन. पण लवकर लिहा. दाराकडे मीसुद्धा बघते.

(सही काय करू कळत नाही)

---

५ मे

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा थोरल्याची बायको पोळ्या करत होती. मी वाचता वाचता इतकी रडले की तिने तवा उतरवून ठेवला. मग तिने वाचलं, मग ती रडली. पोळ्या त्या दिवशी वातड झाल्या, थोरला मुकाट्याने चावत बसला.

आधी तुला ओरडून घेते. नको म्हणालात तर नाही म्हणेन, हे काय लिहिणं झालं? मी कोण नको म्हणणारी? माझा मुलगा गेला, त्याच्याबरोबर तूही अर्धी गेलीस, हे मी तीन वर्षं बघते आहे. रात्री देवाला हात जोडताना मी हेच म्हणत होते की हिला कुणी तरी जेवलीस का विचारणारं मिळू दे. आणि तो डब्याकडे बघून जातो म्हणतेस! त्याला पाच महिने ताटकळत ठेवलंस, आणि मला आता सांगतेस! आज जा आणि हो म्हण. पत्र खाली ठेव, चपला घाल, जा. मग पुढचं वाच.

गेलीस? बरं.

वाईट वाटलं का, असं तुझ्या मनात येईल. वाटलं. एक क्षण फार वाटलं. बादलीतल्या चुक्यापाशी जाऊन बसले आणि त्याला सांगितलं, तुझ्या धन्याची बायको दुसऱ्या घरी चालली. मग एक पान तोडून खाल्लं. आंबट लागलं, डोळ्यांत पाणी आलं, ते कशाने आलं ते मी ठरवलं नाही.

वर काय लिहू, खाली काय सही करू म्हणतेस. घर मालकाचं होतं, परत करावं लागलं. 'आई' हा शब्द कुणी भाड्याने दिलेला नव्हता, तो कुणाला परत करायचा नाही. वर आई लिही. खाली काही लिहिलं नाहीस तरी चालेल, तुझं उपाशीपोटीचं अक्षर मी ओळखते.

मे महिन्यात या. दोघं या. खोली नाही, पण गॅलरी आहे, थोरल्याने तिथे खाट टाकायचं कबूल केलंय. मी रात्री मुद्दाम भांडी वाजवीन. दगड नाही आणला, तो कुणालाच उचलेना. चौकटीवरची कोळशाची उंची मात्र मी सुतळीने मापून घेतली होती आणि तिथे गाठ मारून ठेवली आहे. ती गाठ तू ये आणि बघ.

त्याला सांग, सासूबाई मोजायला बसणार आहेत. आणि मी काही त्याच्यासारखं कुणाचं काय ते न बघता मोजणारी नव्हे, चांगलं नखशिखांत बघून मोजीन. आशेने पट्टी ओढली गेली तर जाऊ दे ओढली.

या पत्राबरोबर ते घंगाळ पाठवते आहे. थोरल्याच्या बायकोने त्यात कांदे ठेवले होते, ते काढून चिंचेने घासलं आणि लगेच धुतलं. नेणारा माणूस म्हणाला, "आजी, हे कशाला पाठवता, तिथे नवी बादली मिळेल." मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. तुझ्या घरात ठेव ते. पुढे त्यात कुणाला अंघोळ घालायची वेळ आली तर पाणी आधी कोपराने बघायचं, हाताने नाही.

आणि त्यात आंबट काही ठेवू नकोस. हे तुला दुसऱ्यांदा सांगते आहे, तिसऱ्यांदा तिथे येऊन सांगेन.

आई